ड्राउग्रच्या तीन रात्री: सेशनआधी काय तयार ठेवायचं

सगळं नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन कथांचं) विश्व एकाच कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या खेळाच्या कथेत, कोंबायचा मोह आधी आवरा. ओडिन देव, फेनरिर लांडगा, रॅग्नारोकचा प्रलय कुठे पळून जात नाहीत. सुरुवातीला उत्तर आइसलँडमधलं एक शेतघर, एक हिवाळा आणि एक ड्राउग्र पुरे. इथलं गणित डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचं, २०१४ च्या नियमांचं, तिसऱ्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी धरलेलं आहे.

‘ड्राउग्र म्हणजे भूत ना?’ असं टेबलावर कुणीतरी विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. आपलं भूत भिंतीतून जातं. ड्राउग्र दार मोडून येतो. तो देहासकट उठलेला मेलेला माणूस. ग्रेत्तिर सागामधला (ग्रेत्तिर या वीराच्या जुन्या आइसलँडी कथेतला) ग्लाउम्र मरतो तेव्हाच काळानिळा पडलेला आणि बैलासारखा फुगलेला असतो, आणि इतका जड होतो की चर्चपर्यंत ओढून नेता येत नाही. जिथे सापडला तिथेच त्याच्यावर दगड रचतात. हा दगडांचा ढीग नकाशावर घरापासून जाऊन-येऊन तासाभराच्या चालीवर दाखवा.

वेळेचा हिशोब कागदावर लिहून ठेवा. तिथे ऐन हिवाळ्यात उजेड जेमतेम तीन तास असतो. म्हणजे दिवसाकाठी तीनच कामं: एका तासाला एक. ढिगाकडे जायचं, गोठा बघायचा की शेजारच्या शेतावर चौकशी करायची, हे पार्टीने (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने) ठरवायचं. रात्रींची चढण सागातूनच घ्या. पहिली रात्र शांत, शेतमालक खूश. दुसऱ्या रात्री घोडा मारलेला, हाडन् हाड मोडलेलं. तिसऱ्या रात्री तो स्वतः. त्याआधी छपरावर बसून टाचा आपटल्याचा आवाज द्या. घरावर स्वार होणं ही त्याची सवयच आहे. अंधारात बघणारी पात्रं असली की निम्मी भीती जाते, म्हणून सेशन झिरोलाच (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) ‘सगळे मानव’ असं ठरवून घ्या.

घराचा नकाशा मोठ्या चौकटींच्या कागदावर काढा: लांबी आठ चौकोन, रुंदी तीन, मधोमध लांबट चूल, दोन्ही बाजूंना झोपायचे ओटे, आणि दार एकच. भिंती मातीच्या ढेपांच्या, जाड. छताचे वासे मात्र मोडता येतील असे. कोणता वासा मोडला की छत कुठे कोसळेल, याच्या खुणा आधीच करा.

स्टॅट ब्लॉकसाठी (शत्रूच्या आकड्यांच्या तक्त्यासाठी) नियमपुस्तकातला वाइट हा उठलेला मेलेला योद्धा घ्या: एसी (बचावाचा आकडा) १४, एचपी (जीवाचे गुण) ४५. त्याची तलवार, धनुष्य आणि जीवशक्ती शोषण्याचा हल्ला काढून टाका, स्ट्रेंग्थ (ताकद) १९ करा, ॲथलेटिक्स (झोंबाझोंबीचं कौशल्य) +६ द्या. साध्या शस्त्रांचा अर्धाच परिणाम होतो तो नियम ठेवा, पण एक बदल करा: कुणी त्याला घट्ट धरलं असेल तोवर शस्त्रं पूर्ण लागतात. ग्रेत्तिरसुद्धा आधी कुस्तीच खेळतो, हत्यार शेवटी काढतो. एचपी ६० च्या वर नेऊ नका. अर्धं नुकसान आणि वाढीव एचपी दोन्ही असले की लढाई तासभर रेंगाळते. एकटा शत्रू चौघांसमोर दुसऱ्याच फेरीत आडवा होतो, हा धोका उरतोच. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फेरीत खेळाडूंच्या पाळ्यांमध्ये त्याला दोन जादा हालचाली द्या: कुणाला तरी दाराकडे ओढणं, किंवा एक वासा मोडणं.

पार्टीत क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र टाकणारी) असली तर टर्न अनडेडने, म्हणजे उठलेल्या मेलेल्यांना पळवून लावायच्या तिच्या ताकदीने, सगळा खेळ तिथेच संपू शकतो. सागात यावर मजेशीर तोड आहे: पाद्री सोबत असताना प्रेत दिवसभर शोधूनही सापडत नाही, तो नसताना लगेच सापडतं. तेच वापरा. क्लेरिक ढिगाकडे गेली तर ढीग रिकामा. रात्री तिने पळवून लावलं तर तो गेलाच, पण उद्या रात्री परत येईल आणि तोवर एक गडी कमी झालेला असेल.

शापाचा कागद वेगळा लिहा. ड्राउग्रचे एचपी शून्यावर आले की ढगातून चंद्र बाहेर येतो आणि ज्याने त्याला पाडलं त्याला त्याचे डोळे दिसतात; तोच शाप. सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) नको. तिथून पुढे ते पात्र अंधारात एकटं असेल तेव्हा विस्डमच्या (शहाणपणाच्या) सेव्हवर डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा. पाचव्या लेव्हलला क्लेरिक रिमूव्ह कर्स (शाप उतरवायचा मंत्र) टाकायला मोकळी होते, त्यामुळे तो मंत्र इथे चालतो का हे आजच ठरवा, ऐन वेळी वाद नको.

लढाई टाळणाऱ्यांसाठी दुसरी वाट हवी. एयर्बिग्या सागात फ्रोउदाउ या शेतावर तीस गड्यांपैकी अठरा मरतात, पाच पळतात. कारण एवढंच, की मेलेल्या बाईचं अंथरूण जाळायला सांगितलं होतं, ते लोभापायी ठेवून घेतलं. मग मेलेल्यांवर दारातच खटला भरतात, आणि शिक्षा ऐकून ते एकेक करून निघून जातात. यासाठी नियम सोपा ठेवा: मेलेल्याचं नाव, नेमका गुन्हा आणि एक साक्षीदार. तिन्ही जमलं तर फासा टाकायची गरज नाही. तिन्हींचे धागे दिवसाच्या त्या तीन तासांत विखरून ठेवा.

ट्रोल (राक्षस) आणायचाच असेल तर नियमपुस्तकातली जखमा भरून येण्याची ताकद काढा. ती विसाव्या शतकातल्या कादंबरीतून आली आहे. लोककथेतला ट्रोल सूर्य उगवला की दगड होतो. लोणी घातलेली लापशी मागणारा निस्से (लोककथेतला घर सांभाळणारा बुटका) नॉर्वे-डेन्मार्कच्या बाजूचा, त्याला या शेतावर आणू नका. चिठ्ठीवर रून (जुनी उत्तर युरोपी अक्षरं) लिहिणार असाल तर व्हायकिंग काळाची सोळा अक्षरी लिपी घ्या, चोवीस अक्षरी त्याआधीची.

शेवटी राखेचा हिशोब. डोकं छाटून मांडीजवळ ठेवायचं, देह जाळायचा, राख गुरं आणि माणसं फिरकत नाहीत अशा जागी पुरायची. पार्टी नुसतं जाळून निघाली तर तशी नोंद ठेवा. एयर्बिग्यामध्ये असंच होतं: राख लागलेले दगड एक गाय चाटते, तिला झालेला वासरू भराभर वाढतो आणि शेतमालकाला शिंगावर घेतो.