खेड्यात सायकियाट्री करायचीय? मग इंडेंट भरायला शिका

एमबीबीएस झालेली पोरं फोन करतात. ‘सर, सायकियाट्री घेतली तर गावाकडे चालेल का?’ विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी एकदा येऊन बघा म्हणतो. बाकड्यावर जागा नसते. ‘डोकं गरम राह्यते’, ‘झोप नाई’, ‘कामात जीव लागत नाई’ ही आमच्याकडची तक्रारीची भाषा. ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणणारा क्वचितच भेटतो.

एमडी नागपूरला करा, सेवाग्रामला करा नाहीतर सावंगीला. निदान आणि औषधं सगळीकडे शिकवतात. मी सांगतोय ते कागदांबद्दल. न्याय्य मानसिक आरोग्यसेवा, धोरण वगैरे मोठे शब्द खेड्यात शेवटी तुमच्या सहीच्या कागदांवरच येऊन टेकतात.

पहिला कागद औषधांच्या इंडेंटचा, म्हणजे मागणीपत्राचा. एक माय रोजी बुडवून, एसटीनं पोराला घेऊन येते आणि खिडकीवर ऐकते, ‘ऑलान्झापिन संपली, बाहेरून घ्या.’ ती घेत नाही. महिन्याभरानं पोरगा पुन्हा रात्रभर गावात हिंडायला लागतो आणि आपण केसपेपरवर लिहितो, ‘औषध नियमित घेत नाही’. दोष रुग्णाचा झाला, मोकळे! मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 18 वाचा. अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मागणीपत्रात या कलमाचा उल्लेख करत चला. पेरणीच्या दिवसांत माणसं येत नाहीत, तेव्हा त्याआधीच जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील एवढा साठा मागवून ठेवा. मागच्या वर्षीचा आकडा तसाच उतरवणारा इंडेंट काही कामाचा नाही.

दुसरा कागद दिव्यांग प्रमाणपत्राचा, आणि इथं घाई करायची नाही. स्किझोफ्रेनियाचा माणूस धडधाकट दिसतो. आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम हे सगळं गुणांत मोजतात, आजाराचा काळही धरतात. 40 टक्के भरले तर पुढच्या योजनांची दारं उघडतात.

‘आंघोळ करते का?’ विचारलं की घरचे ‘हो’ म्हणतात. संपलं, शून्य गुण. मी विचारतो, ‘किती वेळा सांगावं लागते?’ एका बाईच्या जावेनं सांगितलं, ‘मीच बादली भरून देतो, हाताले धरून नेतो, तवा करते.’ ती निंदायला जायची हेही खरं होतं, पण जाऊ शेजारच्या ओळीत असेल तरच. ती पुढं सरकली की ही बांधावर बसायची. ‘शेतात काम करते’ एवढंच लिहिलं असतं तर प्रमाणपत्र गेलं असतं. जावेला बोलतं करायला पाच मिनिटं जास्त गेली. मागे रांग कुरकुरत होती, कुरकुरू द्या.

तिसरा विषय विषप्राशनाचा. कपाशीच्या पट्ट्यात कीटकनाशक घरातच असतं, त्यामुळे रागाचा एक क्षणही जिवावर बेततो. नातेवाईक पोलिसांच्या धाकानं ‘चुकून पोटात गेलं’ सांगतात आणि पेशंट तुमच्यापर्यंत न येताच घरी जातो. त्याच 2017 च्या कायद्याच्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं. त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. हे कॅज्युअल्टीतल्या पोरांना आणि ठाण्यातल्या जमादाराला तोंडी समजावून सांगावं लागतं, परिपत्रक कोणी वाचत नाही.

शेतकरी आत्महत्येत गाठ आणखी अवघड असते. सरकारच्या 1 लाखाच्या मदतीला घर पात्र ठरतं ते नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा या कारणांवर. म्हणून घरचे आजार लपवतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. माणूस कर्जात आणि उदासीत एकाच वेळी असतो, कागदाला मात्र एकच कारण हवं असतं. पात्रता ठरवणाऱ्या समितीनं मत विचारलं तर दोन्ही लिहा. कापसाच्या भावाचं दुखणं एस्सिटालोप्रामच्या, म्हणजे नैराश्याच्या गोळीच्या चिठ्ठीत बसवू नका, आणि उलटही करू नका.

आशाताईंपुढे तोरा मिरवू नका. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीच्या कार्यकर्त्यांनी आणि समुपदेशकांनी बहुतेक काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं. ओपीडीत बसून एकट्या डॉक्टरकडून हे व्हायचं नाही. देवस्थानावर जाऊन आलेल्यालाही रागावू नका, गोळी चालू ठेवायला सांगा. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

जॉइन होण्याआधी जिल्हा रुग्णालयात विचारून घ्या: मानसोपचाराचा इंडेंट कोण भरतं, दिव्यांग बोर्ड कोणत्या वारी बसतं, तालुक्याच्या ओपीडीला गाडी आहे का. पद कंत्राटी असेल तर प्रवासभत्ता करारात लिहून घ्या. ‘गाडीचं बघू’ हे तोंडी आश्वासन धरून चालू नका.