पोरांसाठी ड्रिंक अँड ड्राइव्हवर सेशन घ्यायचंय? मग हे आधी वाचा

बहुतेक ठिकाणी काय होतं, मोठ्या हॉलमध्ये दोनशे पोरं बसवतात, पाहुणे येतात, अपघाताचे भयानक फोटो दाखवतात, शेवटी सगळ्यांकडून शपथ घेतात आणि झाला कार्यक्रम. तेवढ्यापुरती पोरं गप्प होतात हे खरंय, पण विशीतल्या पोराला मनातून ठाम वाटत असतं की आपल्याला काही होत नाही, आणि त्यात चार मित्रांसमोर "मी नाही चालवत" म्हणणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न. दारू डोक्यात गेली की सगळ्यात आधी अंदाजच बिघडतो, म्हणजे निर्णय घ्यायचा तो पहिला ग्लास भरायच्या आधी, आणि तो एकट्याने नाही तर ग्रुपने. सगळं सेशन याच्याभोवती बांधा.

ग्रुप छोटा ठेवा, बारा-पंधरा जण पुरे. बोलणारा त्यांच्यापेक्षा थोडाच मोठा आणि त्यांना मान्य असलेला हवा. दारू चांगली की वाईट हा वाद त्या दिवशी काढूच नका, काढलात की पोरं तोंड मिटून बसतात.

सुरुवात हिशोबाने करा. "मी फक्त बियर घेतली" हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये येतंच, तेव्हा फळ्यावर मांडून दाखवा: ८ टक्केवाल्या स्ट्राँग बियरच्या ५०० मिलीच्या एका कॅनमध्ये ४० मिली शुद्ध अल्कोहोल, आणि ४० टक्केवाल्या १०० मिली व्हिस्कीतही तेवढंच. मग सकाळचं गणित. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ टक्क्याने उतरतं, म्हणजे रात्री एक वाजता ०.१२ असलेला पोरगा झोपून सातला उठला तरी ०.०३ च्या आसपास असतो, आणि जागतिक आरोग्य संघटना तरुण आणि नवख्या ड्रायव्हरसाठी ०.०२ ची मर्यादा सुचवते. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, कशानेही ती लवकर उतरत नाही, फक्त वेळच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि निम्मा वेळ ज्याला द्यायचा ते म्हणजे प्रॅक्टिस. दोघांना उभं करा, एक जण चावी हातात घेऊन "मला काही चढलेली नाहीये, जवळच तर जायचंय" म्हणणार आणि दुसऱ्याने त्याला थांबवायचं. पहिल्यांदा सगळे "तू टाइट आहेस" म्हणून भांडतात आणि समोरचा अजूनच पेटतो. मग शिकवा की किती चढलीय यावर वाद घालायचाच नाही, सगळ्यांसमोर बोलायचं नाही, बाजूला घ्यायचं आणि सरळ म्हणायचं, "गाडी इथेच राहू दे, सकाळी आपण दोघं येऊन घेऊन जाऊ, आत्ता माझ्यासोबत चल." प्रत्येकाला हे मोठ्याने बोलायला लावा, लाजले तरी चालेल, तोंडातून एकदा निघालेलं वाक्य त्या रात्री आठवतं.

मागे बसणाऱ्याचीही प्रॅक्टिस घ्या. शाळांमधल्या अशा कार्यक्रमांवर जे संशोधन झालंय त्यात पिलेल्या ड्रायव्हरसोबत बसणं कमी झालेलं दिसलं, स्वतः पिऊन चालवण्याबद्दल मात्र तितका पक्का पुरावा मिळाला नाही. म्हणून मला वाटतं "मी बसणार नाही" हे शिकवणं अजिबात दुय्यम नाही. जपानने तर २००७ पासून सोबत बसणाऱ्याला आणि दारू देणाऱ्यालाही कायद्यात ओढलंय.

आज कोण चालवणार हे निघायच्या आधी ठरलं पाहिजे, आणि तो शून्य पिणार, "सगळ्यात कमी पिलेला" नाही. पाळी लावा, नाहीतर दरवेळी एकाच बिचाऱ्यावर येतं.

एक चिठ्ठ्यांचा प्रयोगही करून बघा, नाव न लिहिता दोन प्रश्न: गेल्या महिन्यात तू पिऊन चालवलीस का, आणि तुझ्या मते ग्रुपमधल्या किती जणांनी चालवली असेल. बऱ्याचदा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा जास्त निघतो, आणि "सगळेच करतात" हा समज तिथेच गळून पडतो. खरा आकडाच मोठा निघाला तर लपवू नका, त्यावरच बोला.

महिन्याभराने परत भेटा, एका सेशनमध्ये सवय बदलत नाही. आणि आईवडिलांना वेगळं बोलवून एवढं कबूल करून घ्या की पोराने रात्री दोनला "न्यायला या" म्हणून फोन केला तर निमूट जायचं, काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.