लिस्बनमध्ये संसार लावताना

गोव्यातून पोर्तुगालला जाणाऱ्या कुटुंबांत बहुधा घरचा कर्ता आधी जातो, वर्ष-दोन वर्षे इतरांबरोबर एका खोलीत काढतो आणि मग बायको, मुले व कधी कधी आई यांना बोलावून घेतो. तोवर त्याला कामापुरती भाषा आलेली असते, त्यामुळे घरची माणसे पोहोचताच प्रत्येक कागद, प्रत्येक खरेदी आणि शाळेतली प्रत्येक भेट त्याच्याच गळ्यात पडते. सुरुवातीला हे सोयीचे वाटते. परंतु त्याची पाळी हॉटेलात मध्यरात्री संपत असेल, तर कचेऱ्या उघड्या असतात त्या वेळी तो एक तर झोपलेला असतो किंवा कामावर निघालेला असतो. म्हणून घरी असणाऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे बहुतेक घरांत मुलांच्या आईच्या हाती, दिवसाचे व्यवहार पहिल्या आठवड्यापासून सोपवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची सारी माहिती मी मुख्यतः तिच्यासाठी लिहीत आहे.

तयारी गोव्यातच सुरू होते. जन्मदाखले, विवाहाचा दाखला, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि गुणपत्रिका यांवर निघण्यापूर्वी अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा, शिक्का घ्यावा, कारण नंतर तेवढ्यासाठी कोणाला तरी पणजीला हेलपाटे घालावे लागतात. प्रत्येक कागदावर नाव एकाच स्पेलिंगने आहे ना, हे अक्षर-अक्षर पडताळून पाहावे. आपल्याकडे गावाचे नाव कधी आडनाव होते, तर कधी वडिलांच्या नावामागे जाते, आणि तिथला कारकून मात्र पासपोर्टवर आहे तेच खरे धरतो. मुलांची लसीकरणाची पुस्तिका हातातल्या पिशवीत ठेवावी. ज्या घरात एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी दोघांचे मार्ग वेगळे आहेत हे लक्षात घ्यावे. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की 1955 च्या कायद्यातील कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय पासपोर्ट असलेल्या जोडीदाराचा निवास परवाना आइमा ही संस्था पाहते. तिने 29 ऑक्टोबर 2023 पासून सेफ या जुन्या परकीय नागरिक व सीमा खात्याची जागा घेतली आहे.

सामानाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण विमानतळावर डबे उघडले जातात तेव्हा हळहळ होते. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. याचा अर्थ आईने प्रेमाने दिलेले तूप, पेढे आणि खव्याची कोणतीही वस्तू घरीच ठेवून निघावे. सुकी मासळी मात्र माणशी एकूण 20 किलोपर्यंत चालते, तेव्हा सुके सुंगट (कोळंबी) आणि सुके बांगडे नीट बंद करून खुशाल न्यावेत. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. केवळ अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. नारळाला सूट मिळावी यात गोवेकराला दैवी कृपा दिसल्यास नवल नाही. तरीही नारळ तिथे मिळतो म्हणून पिशवीतली जागा आमसुले आणि तिरफळे यांना द्यावी.

पोहोचल्यावर कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकावाचून दुसरे अडते. सगळ्याच्या मुळाशी पत्ता आहे. घरमालक लेखी करार करत नसेल किंवा भाड्याची पावती देत नसेल, तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी कुटुंबासाठी घेऊ नये. आमचा पहिला घरमालक 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत राहिला आणि त्या महिन्यांत आमची सारी कामे खोळंबली. करार झाला की आपल्या भागातील जुंता द फ्रेगेझिया, म्हणजे साधारण आपल्या पंचायतीसारखी स्थानिक कचेरी, हिच्याकडून रहिवासाचा दाखला घ्यावा. त्यासाठी बहुधा त्याच भागातील दोन मतदार साक्षीदार लागतात, म्हणून शेजाऱ्यांशी ओळख आधीच करून ठेवावी. निफ हा नऊ अंकी करक्रमांक घरातील प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या मुलाचाही, काढावा. तो जर एजंटाने आधीच काढला असेल आणि त्यावर एजंटाचा किंवा गोव्याचा पत्ता असेल, तर तो लगेच बदलून घ्यावा, नाही तर करखात्याची पत्रे भलतीकडेच जात राहतात. कामावर असणाऱ्याला याखेरीज सामाजिक सुरक्षेचा अकरा अंकी क्रमांक लागतो.

त्याच पत्त्याच्या जोरावर जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवून प्रत्येकाचा 'उतेंत', म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा रुग्णक्रमांक, मिळवावा आणि मुलांच्या लसी तिथल्या वेळापत्रकाशी जुळवून घ्याव्यात. ताप-खोकल्यासाठी थेट इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात जाऊन तासन्‌तास बसण्याऐवजी प्रथम 808 24 24 24 या आरोग्य सेवेच्या क्रमांकावर फोन करावा. खऱ्या संकटात 112.

मुलांची शाळा साधारण सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. मधल्याच महिन्यात पोहोचलेल्या मुलालाही प्रवेश मागता येतो, कारण सहा ते अठरा वर्षे शिक्षण सक्तीचे आहे. सरकारी शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. मात्र बहुतेक वर्गांत ती वर्षअखेर परत करायची असतात, हे मुलांना पेन्सिल हातात देतानाच सांगावे. ज्यांची मातृभाषा पोर्तुगीज नाही अशा मुलांसाठी शाळेत वेगळा भाषावर्ग असतो आणि तो मागून घ्यावा लागला तरी संकोच करू नये. मूल सहा-आठ महिन्यांत बोलू लागते आणि मग घरात दुभाष्याचे काम त्याच्यावर येते. दुकानात ठीक आहे, पण डॉक्टरकडे आईच्या दुखण्याचे भाषांतर दहा वर्षांच्या मुलाने करावे, हे बरे नव्हे.

त्यासाठी आईनेच भाषा शिकली पाहिजे. प्रौढांसाठी सरकारी शाळांतून आणि रोजगार संस्थेतून मोफत वर्ग चालतात. आपल्या बाजूने एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपल्या तोंडी पोर्तुगीज शब्द आधीच आहेत. पाव, बटाटा, साबण, चावी, बादली, कोबी, अननस, आणि गोव्याच्या घरातले जनेल (खिडकी) आणि कदेल (खुर्ची) ओळखण्यास वेळ लागत नाही. फक्त तिथले लोक मधले स्वर गिळून बोलतात, त्यामुळे शब्द डोळ्यांना ओळखीचा आणि कानाला परका वाटतो. म्हणून दुकानातल्या पाट्या मोठ्याने वाचण्याची सवय लावावी. 'पगार' ऐकून मात्र हुरळून जाऊ नये. मूळ भाषेत त्याचा अर्थ पैसे चुकते करणे असा आहे आणि तो शब्द उच्चारणारा दुकानदार आपल्याकडूनच पैसे मागत असतो.

स्वयंपाकघर लागले की अर्धे घर लागते. कावाला हा मासा आपल्या बांगड्याच्या कुळातला असून हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, चांगला लागतो. कारापाव तळण्यासाठी उत्तम. सार्डिना उन्हाळ्यात घ्यावी. कोळी रविवारी समुद्रात जात नसल्याने बहुतेक बाजारांत सोमवारी ताजी मासळी नसते, त्यामुळे मंगेशीचा सोमवार पाळणाऱ्या घराला वार सांभाळणे कधी नव्हे इतके सोपे जाते. उकड्या तांदळाऐवजी पाकिटावर 'वापोरिझादु' लिहिलेला तांदूळ पाहावा. कारोलिनु नावाचा तांदूळ चिकट होतो, तो पेजेला बरा. मसाले आणि नारळ मार्तिम मोनिझ परिसरातील दुकानांत मिळतात.

हवेची गंमत अशी की पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. थर्मामीटरवरचा आकडा भीतीदायक नसतो, परंतु जुन्या घरांत उष्णतेची सोय नसल्याने आतली थंडी बाहेरच्याहून जास्त बोचते आणि नोव्हेंबरपासून भिंतींवर बुरशी धरते. आपल्याकडे मिरगापूर्वी जशी तयारी करतो तशी ऑक्टोबरात करावी. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, ऊन पडताच खिडक्या उघडाव्यात आणि शक्य असल्यास हवेतला ओलावा शोषणारे यंत्र घ्यावे.

फिरण्यासाठी नावेगांत हा मासिक पास आहे. 2019 मध्ये भाडेरचना बदलली तेव्हा लिस्बन आणि आसपासच्या सर्व तालुक्यांसाठी त्याची किंमत 40 युरो ठरली, आणि एकाच करपत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाला दोन पासांच्या किमतीत घरातील सर्वांचे पास मिळण्याची सोय झाली. पत्त्याची नोंद आधी करा असे म्हणतो ते यासाठीही. पास हाती आला की आईने आठवड्यातून एक तरी काम एकटीने उरकावे, मग ते लुमियारच्या राधाकृष्ण मंदिरात जाण्याचे का असेना. हे मंदिर मुख्यतः गुजराती समाजाचे आहे, पण तिथे गोवेकरालाही कोणी परके मानत नाही.

गावी फोन करण्याची वेळ ठरवून घ्यावी. हिवाळ्यात भारत साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात. मुले सकाळी साडेसातला, शाळेला निघण्यापूर्वी फोन करतील तर थंडीच्या दिवसांत फोंड्याला दुपारचा एक वाजलेला असतो आणि आजी पानावर बसलेली असते. उन्हाळ्यात तिला बारालाच फोन येईल, हे तिला आधी सांगून ठेवावे.