लांबलचक इंग्लिश शब्द दोनदा तोडा

दहावीपर्यंत खानापूर तालुक्यात मराठी मिडियम, मग पीयूसी म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, आणि तिथनं बेळगावला नर्सिंगला. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर गॅस्ट्रोएन्टेरायटिस आलं, मी ते चित्र काढल्यासारखं वहीत उतरवून घेतलं. वाचताच येत नव्हतं तर पाठ काय होणार. यंदा आपल्या भागातनं जी पोरं नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियनला चालल्यात त्यांच्यासाठी हे लिहायलेय.

शब्द दोनदा तोडायचा. एकदा जिभेसाठी आणि एकदा अर्थासाठी, आणि हे तुकडे बऱ्याचदा जुळत नाहीत, माझी गडबड तिथंच व्हायची. हेपटायटिस बोलताना हे-प-टाय-टिस असे चार तुकडे. अर्थाला दोनच, हेपॅट म्हणजे यकृत आणि आयटिस म्हणजे सूज, म्हणजे तो ट बोलताना टायला चिकटतो पण आहे हेपॅटचा. हेलिकॉप्टर पण तसंच, आपण हेली आणि कॉप्टर तोडतो, पण मूळ ग्रीक जोड हेलिको आणि प्टर अशी आहे, मळसूत्रासारखं फिरणारं आणि पंख.

जिभेचं सोपंय, एका तुकड्यात एकच स्वर ऐकू येतो, स्पेलिंग न बघता कानानं मोजा. फक्त आपण मराठीत प्रत्येक अक्षर नीट म्हणतो तसं इंग्लिशमध्ये नाही, एकावर जोर आणि बाकीची अर्धी गिळलेली. फोटोग्राफमध्ये जोर फोवर, फोटोग्राफीत तोच सरकून टॉवर जातो, फ-टॉ-ग्र-फी.

अर्थासाठी मात्र शेपटीकडनं सुरू करा, शाळेत विद्यालय म्हणजे विद्या अधिक आलय करायचो तसंच. आयटिस सूज, एक्टॉमी कापून काढणं, ऑस्टॉमी बाहेर वाट करून देणं. कोलेक्टॉमीत मोठं आतडं काढतात, कोलोस्टॉमीत त्याला पोटावर तोंड करतात, पेशंटसाठी केवढा फरक आहे बघा की! आता गॅस्ट्रोएन्टेरायटिस घ्या, शेवटी सूज, त्याच्या आधी एन्टेर म्हणजे आतडं, सुरुवातीला गॅस्ट्र म्हणजे जठर, मधला ओ नुसता सांधा. हायपर आणि हायपो तर पहिल्या दिवशीच पक्कं करा, हायपरग्लायसेमियात रक्तातली साखर वाढलेली, हायपोत कमी झालेली.

आणि तोडलं की झालं असं समजू नका, डिक्शनरी बघाच. हायवेवर टँकरच्या मागं इनफ्लेमेबल लिहिलेलं असतं, तिथला इन नकाराचा नाही, तो माल पटकन पेट घेणाराच असतो.