ड्रम ब्रेक : मागचे एकच चाक लॉक होत असल्यास सिलिंडरचा बोअर तपासा

जुन्या व्हॅनचे मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) आणि डावा व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारा भाग) बदलल्यापासून हलका ब्रेक लावला तरी, विशेषतः ओल्या रस्त्यावर, डावे मागचे चाक लॉक होत असे. शू घासणे, हँडब्रेकची केबल सैल करणे, ब्रेकच्या तेलातली हवा पुन्हा काढणे, कशाचाच उपयोग झाला नाही. ड्रम उघडण्याचा वीट आला होता.

कारण सिलिंडरमध्ये निघाले. उजवा मूळ सिलिंडर १७.४६ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा), तर त्याच मॉडेलच्या नावाने मिळालेला नवा १९.०५ मिमीचा होता. म्हणजे पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे १९ टक्के जास्त आणि तेलाच्या तितक्याच दाबाला शूवर जोरही तेवढाच जास्त.

पुढच्या चाकांना ठोकळे लावून गाडी स्टँडवर घेतली, हँडब्रेक सोडला, अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा भाग) सैल करून दोन्ही ड्रम काढले. आतली धूळ हवेने न उडवता ब्रेक क्लीनरने ओली करून पुसली, कारण शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रमचा आतला व्यास व्हर्निअरने दोन-तीन दिशांनी मोजून ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाशी ताडला. मग मूळ सिलिंडर दुकानात नेऊन, बोअर मोजून, त्याच मापाची जोडी घेतली. केवळ मॉडेल आणि सालावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. शूची रुंदीही जुन्याशी जुळवली. अ‍ॅडजस्टर डावे-उजवे वेगळे असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल होऊ दिली नाही. शेवटी ड्रम बसवून, शू जुळवून, दोन्ही बाजूंची हवा काढली.

आता दोन्ही चाके सारखी धरतात.