अ‍ॅपलेशियन ट्रेलवर एकट्याने: पहिले चार दिवस

अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगरांतून जाणारा अ‍ॅपलेशियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरचा आहे, आणि उत्तरेकडे निघणाऱ्याची वाट जॉर्जियातील स्प्रिंगर डोंगराच्या माथ्यावर सुरू होते. तेथून नील गॅप ही खिंड साधारण ५० किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत दिवसाला पंचवीस किलोमीटर सहज चालणाऱ्यालाही मी आग्रहाने सांगेन, की या टप्प्याला चार दिवस द्यावेत. दमसास लवकर वाढतो; टाचा, घोटे आणि गुडघे यांना मात्र पाठीवर ओझे घेऊन रोज चालण्याची सवय व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि एकट्याने चालताना आपल्याला थांबवणारे बरोबर कोणीच नसते.

अ‍ॅमिकलोला धबधब्यापासून स्प्रिंगरच्या माथ्यापर्यंत येणारी सुमारे १४ किलोमीटरची चढाची वाट मूळ ट्रेलमध्ये मोजली जात नाही. तिचे आकर्षण मोठे असले तरी माथ्यापासून दीड किलोमीटरवर असलेल्या वनरस्त्याच्या वाहनतळावर उतरावे, माथ्याला जाऊन परत यावे आणि पहिला मुक्काम हॉक माउंटनपाशी करावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पायांकडे लक्ष पहिल्या तासापासून हवे. दुसऱ्या दिवशी सॅसाफ्रास डोंगराच्या चढावर माझी उजवी टाच चुरचुरू लागली, तेव्हा ‘माथ्यावर गेल्यावर पाहू’ म्हणून मी चालत राहिलो. माथ्यावर मोजा काढला तेव्हा रुपयाएवढा फोड फुटून मोज्याला चिकटलेला होता. टाच गरम लागताच, ऐन चढावर का असेना, सॅक उतरवावी, बूट-मोजे काढावेत, कातडी पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि मगच चिकटपट्टी लावावी, कारण ओल्या कातडीवर ती टिकत नाही.

वाटेच्या खुणा म्हणजे झाडांवर रंगवलेले पांढरे उभे पट्टे. एकावर एक दोन पट्टे दिसले, तर पुढे वळण आहे असे समजावे. पाण्याकडे किंवा शेल्टरकडे, म्हणजे मुक्कामाच्या निवाऱ्याकडे, नेणाऱ्या वाटांवर निळे पट्टे असतात. पाणी भरून परतल्यावर धुक्यात दिशेचा गोंधळ होऊन आलेल्या वाटेनेच मागे जाणारे पुष्कळ असतात, म्हणून ट्रेल सोडताना एक काठी पुढच्या दिशेला टोक करून ठेवावी.

मार्चमध्ये येथे रात्री पाणी गोठते. बारीक नळ्यांचा गाळणी-फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून तो पिशवीत गुंडाळून झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा. सुती कपडे आणू नयेत. झोपण्याचा कोरडा जोड पावसात कितीही मोह झाला तरी चालताना घालू नये. भिजलेल्या माणसाला रात्री ऊब देणारा तेवढाच आधार असतो.

अन्न चार दिवसांचेच घ्यावे. भाजलेले पातळ पोहे, मेतकूट आणि दाण्याचा कूट-गूळ यांना शिजवण्याची गरज पडत नाही, आणि दमल्यावरही ते घशाखाली उतरतात. जॅरर्ड गॅप ते नील गॅप या पट्ट्यात १ मार्च ते १ जून या काळात मुक्काम करणाऱ्याला अस्वलाला न उघडणारा कडक डबा बाळगणे बंधनकारक आहे. निघण्यापूर्वी वनखात्याकडून चालू नियम पाहून घ्यावा. मी म्हणेन, डबा पहिल्या दिवसापासूनच जवळ असावा.

प्रत्येक शेल्टरमध्ये एक वही असते. तिच्यात नाव, तारीख आणि पुढच्या मुक्कामाचे ठिकाण रोज लिहावे. मराठीत चार ओळी लिहाव्याशा वाटतात, त्या जरूर लिहाव्यात, पण ही माहिती इंग्रजीतच द्यावी, कारण शोध घेणारे आधी तीच वही उघडतात.

चौथ्या दिवशी ब्लड माउंटन लागतो. माथ्यावर पाणी नाही, त्यामुळे खालीच भरून घ्यावे. पलीकडची उतरण उघड्या खडकावरून आहे आणि पावसात ती निसरडी होते; चालण्याच्या काठ्या थोड्या लांब करून, लहान पावले टाकत, दुपारपूर्वी उतरावे.

नील गॅपला ट्रेल एका दगडी इमारतीच्या मधूनच जातो. तेथील दुकानात सॅक रिकामी करून चार दिवसांत एकदाही न वापरलेली प्रत्येक वस्तू बाजूला काढावी आणि औषधे व पावसाळी कपडे वगळून बाकीचे घरी पाठवून द्यावे. पुढे डिक्स क्रीक गॅपपर्यंत सुमारे ६० किलोमीटर आहेत. त्यासाठी पाच दिवसांचे अन्न भरावे, आणि टाच अजून ओली असेल तर एक दिवस तेथेच थांबावे.