संगणक लावून विज्ञान शिकवायचंय? भावी शिक्षकांच्या तासाआधीची तयारी

सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका. या घटकात शिकणाऱ्याला नेमकं काय अडतं ते आधी कागदावर लिहा आणि मग संगणकाचं तिथे काही काम आहे का ते पाहा. ऋतू कशामुळे होतात असं विचारलं, तर विज्ञानाचे पदवीधर छात्राध्यापकही, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारेही, बरेचदा सांगतात की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते. इथे स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायला हवं. त्यात तारीख बदलत सूर्याचं अंतर वाचायला लावा. जानेवारीच्या सुरुवातीला ते सुमारे १४.७ कोटी किलोमीटर आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५.२ कोटी. उत्तर गोलार्धातला हिवाळा सूर्य सर्वांत जवळ असताना येतो हे त्यांचं त्यांनाच दिसलं की पृथ्वीच्या अक्षाच्या कलाची चर्चा आपोआप सुरू होते. कांद्याच्या सालीची पेशी दाखवायची असेल आणि सूक्ष्मदर्शक चालू असेल, तर मात्र प्रोजेक्टर बंदच ठेवा.

लिंक आदल्या दिवशी, त्याच खोलीतल्या त्याच संगणकावर तपासा. ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, पण पाठांच्या जुन्या टाचणांत त्या काळच्या लिंक अजून सापडतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची नवी सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोग, ब्राउझरमध्ये चालतात आणि उतरवूनही घेता येतात. उतरवूनच घ्या, नेटच्या भरवशावर तास लावू नका.

सिम्युलेशन सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, तोही पेनाने. तोंडी अंदाज उत्तर दिसताच बदलतो. मग लंबकाच्या सिम्युलेशनमध्ये घर्षण शून्य करा. लंबक थांबतच नाही. त्याच्या शेजारी खरा दोरा आणि वजन टांगा. एक मीटर लांबीला आवर्तनकाल दोन्हीकडे जवळपास दोन सेकंदच येतो, पण खऱ्या लंबकाचा झोका हळूहळू लहान होत जातो. ‘या प्रोग्रॅममधून काय काय गाळलंय?’ हा प्रश्न टाचणात ठळक लिहून ठेवा. उद्याच्या शिक्षकाला हा प्रश्न विचारायची सवय नसेल, तर त्याचे विद्यार्थी पडद्यालाच निसर्ग समजतील.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवावा तो व्हिडिओवरून मोजमाप करण्यासाठी. साधा मोबाइल पुरतो, ट्रॅकर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. वरून सोडलेल्या चेंडूचा व्हिडिओ घ्यायचा, तर मोबाइल स्टँडवर, चेंडूच्या मार्गाला काटकोनात ठेवा. मीटरपट्टी चेंडू ज्या प्रतलात पडणार त्याच प्रतलात हवी. मागच्या भिंतीला टेकवली तर सगळी अंतरं चुकतात. उजेड भरपूर ठेवा, कारण अंधुक खोलीत चेंडूचा फराटा उमटतो आणि काही मोबाइल फ्रेमचा वेगही परस्पर कमी करतात. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या आणि चेंडू सुटला तिथपासून मोजलं, तर तिसऱ्या फ्रेमला तो सुमारे ५ सेंटिमीटर खाली असतो, सहाव्या फ्रेमला २० आणि नवव्या फ्रेमला ४४. मधली अंतरं साधारण ५, १५ आणि २५, म्हणजे एकास तीन, तीनास पाच. हा नमुना छात्राध्यापकांनी आधी हाताने, आलेखाच्या कागदावर शोधावा. सॉफ्टवेअरला आलेख नंतर काढू द्या. थोडा वेळ जातो, जाऊ द्या.

एका संगणकावर दोघांपेक्षा जास्त जण बसवू नका आणि माऊस मध्येच दुसऱ्याच्या हातात द्यायला सांगा. नाहीतर एकटाच सगळं करतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात.

आता सराव पाठ. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या टीपॅकची, म्हणजे आशय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांचं ज्ञान एकत्र पाहणाऱ्या आराखड्याची, तीन वर्तुळं परीक्षेत सगळेच काढतात. प्रत्येकाने एकच पाठ घेऊन ती भरावीत: आशय कोणता, तो शिकवायची पद्धत कोणती आणि तंत्रज्ञानामुळे त्या पद्धतीत काय बदललं. तिसऱ्या वर्तुळात ‘विद्यार्थ्यांना रस वाटेल’ एवढंच असेल तर टाचण परत करा. वीज गेली तर हाच पाठ कसा पुढे जाईल, हेही त्यात लिहिलेलं हवं.

गुण कशाला द्यायचे ते आधीच सांगून टाका. स्लाइडच्या रंगांना शून्य. विद्यार्थ्याने चुकीचा अंदाज सांगितल्यावर छात्राध्यापकाने पुढचा प्रश्न कोणता विचारला, त्याला सर्वाधिक. त्यासाठी निरीक्षकाच्या तक्त्यात तो प्रश्न जसाच्या तसा लिहायला मोकळी जागा ठेवा आणि तक्ते पाठाच्या आदल्या दिवशीच वाटा.